अठरा वर्षांत छत्तीस छाटण्या

३५ वर्षं. द्राक्षवेलीला ‘जुनी’ म्हणायला वाइनच्या जगात साधारण हाच आकडा धरतात. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्याने २००९ साली जुन्या वेलींची सनद केली. तिच्यात पायऱ्या चार: ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षं. तिथल्या लँगमील वायनरीची ‘फ्रीडम’ शिराझ वाइन १८४३ च्या लागवडीतून येते. युरोपातल्या बागा एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने उद्ध्वस्त केल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती पोचलीच नाही, म्हणून या वेली वाचल्या.

वय वाढलं की वेलीचा माल बहुधा कमी होतो. पण मुळं खोल गेलेली असल्याने ती पाण्याची ओढ सोसते, आणि मोजक्या घडांत रस दाट उतरतो, असं वाइन करणारे सांगतात. कमी माल आणि जास्त भाव, हे जुन्या वेलीचं गणित.

आता नाशिक. सुला वायनरीची स्थापना १९९९ ची, पहिली वाइन २००० ची. १९९९ मध्ये लावलेली वेल पस्तिशी गाठणार २०३४ मध्ये, तेही टिकली तर. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांच्या बागेचं उत्पादन साधारण १२ ते १५ वर्षांत घसरू लागतं आणि बागायतदार नवी लागवड करतो.

याचं मूळ हवामानात आहे. बरोसात थंडीत पानगळ होते, वेल झोपते आणि वर्षाला एकदाच छाटली जाते. नाशिकच्या थंडीत तिला अशी झोप लागत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, नव्या काड्या वाढवायच्या; त्या काड्यांच्या डोळ्यांत घड तयार होतो. मग ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी.

म्हणजे बरोसातल्या ३६ वर्षांच्या वेलीने जेवढ्या छाटण्या सोसल्या, तेवढ्या नाशिकच्या वेलीने १८ वर्षांतच सोसल्या. तिथला पस्तीसचा निकष इथे जसाच्या तसा लावणं अन्यायाचं आहे.

दक्षिण आफ्रिकेत ३५ वर्षांवरच्या बागांच्या वाइनला प्रमाणित शिक्का मिळतो आणि त्यावर लागवडीचं साल असतं. नाशिकच्या वायनऱ्यांनी निकष कोणताही ठरवावा, पण बाटलीवर लागवडीचं साल आजपासूनच छापावं. नोंदच नसेल, तर पुढे वय सिद्ध कशाने करणार?