ट्रेलरवर ट्रॅक्टर न्यायचाय? आधी वजनाची जागा बघा

अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर जोडून स्वतःचा छोटा ट्रॅक्टर नेणारे बरेच आहेत, त्यात आपली मराठी मंडळीही आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ट्रेलर हायवेवर नागमोडी डोलू लागतो, त्याचं नेहमीचं कारण म्हणजे वजन मागे असणं. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. ट्रॅक्टर १५०० किलो आणि ट्रेलर ७०० किलो असेल, तर हिचवर २२० ते ३३० किलो. ट्रॅक्टर थोडा पुढेमागे करून हे जमवता येतं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरलेलं असेल तर तेही वजनात धरा, बरेच जण नेमकं हेच विसरतात.

ट्रॅक्टर जागेवर आला की बांधायचा. पुढच्या लोडरची बकेट पूर्ण खाली, हँडब्रेक ओढलेला. चारही कोपऱ्यांना स्वतंत्र साखळ्या, त्याही चेसिसला किंवा अ‍ॅक्सलला. स्टिअरिंगच्या रॉडला कधीच नाही. सगळ्या साखळ्यांची मिळून क्षमता ट्रॅक्टरच्या पूर्ण वजनाइतकी तरी हवी. तिथला व्यावसायिक वाहतुकीचा नियम निम्म्या वजनाइतकी क्षमता मागतो, पण ट्रेलरवरून थेट ट्रॅक्टरला बांधलेल्या साखळीची निम्मीच क्षमता मोजतो.

टायरवरची वेगमर्यादा वाचा. ट्रेलरचे अनेक टायर ताशी ६५ मैलांपुरतेच असतात.

ट्रेलर डोलायला लागलाच तर पिकअपचा ब्रेक दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरचा ब्रेक पिकअपमधल्या कंट्रोलरवरून हाताने हळूच लावा.

निघाल्यावर थोड्याच अंतरावर थांबून साखळ्या पुन्हा आवळा. त्या सैल होतातच.