रीलमधली ती छोटी गाडी गोठ्यावर चालेल का? क्वाड बाईक, यूटीव्ही आणि केई ट्रकचा सगळा विषय

ती रील तुमच्याही फीडवर येऊन गेली असणार. हिरवंगार कुरण, लांबवर चरणाऱ्या दोन-तीनशे काळ्या गायी आणि हॅट घातलेला एक गडी छोट्याशा जीपसारख्या गाडीतून चिखल उडवत चाललाय. मागच्या हौद्यात गवताचे गठ्ठे, शेजारच्या सीटवर कुत्रं.

मला ती रील मामांनी पाठवली. संगमनेरच्या बाजूला त्यांचा आठ गायींचा गोठा आहे. रीलखाली व्हॉइस मेसेज होता, "ही गाडी आपल्याकडं कितीला मिळती बघ बरं. बैलगाडी मोडल्यापासून वैरण आणायचे लई हाल चाललेत."

म्हटलं, बघू. दहा मिनिटांचं काम असेल असं वाटलं होतं, पण यात बराच विषय निघाला.

तर पहिली गोष्ट, रीलमध्ये दिसणाऱ्या गाड्या एका प्रकारच्या नसतात. बाईकसारखं हँडल, टांग टाकून बसायचं आणि चार जाड टायर, ती क्वाड बाईक. हिलाच एटीव्ही म्हणतात. दुसरी म्हणजे यूटीव्ही किंवा साइड बाय साइड. हिला स्टिअरिंग असतं, शेजारी शेजारी दोन-तीन सीट, डोक्यावर लोखंडी पिंजरा आणि मागं टिपरसारखा उलटणारा छोटा हौदा. कावासाकीनं १९८८ मध्ये अशी गाडी आणली तेव्हा तिचं नाव ठेवलं 'म्यूल', म्हणजे खेचर. नावातच काम सांगून टाकलं. पुढं जॉन डिअरची गेटर आली, पोलारिसची रेंजर आली, कुबोटाची आरटीव्ही आली.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये गुरं पाळणारा माणूस गाडी घ्यायला निघाला की पहिला प्रश्न हाच असतो, क्वाड घेऊ का यूटीव्ही? क्वाड स्वस्त असते, अरुंद वाटेनं जाते आणि गुरांच्या मागं पटकन वळते. मग लोक क्वाडच का घेत नाहीत?

कारण ती उलटते.

क्वाडची दोन चाकांमधली रुंदी कमी आणि वजन उंचावर. शेतावर वापरायच्या क्वाडचं वजन साधारण अडीचशे ते साडेतीनशे किलो असतं. ती सरळ राहावी म्हणून चालवणाऱ्यानं उतारावर आणि वळणावर आपलं अंग त्या त्या बाजूला झुकवायचं असतं. आता विचार करा, माणूस एकटा आहे, लक्ष पळणाऱ्या वासराकडं आहे आणि गवतात लपलेल्या दगडावर एक चाक चढलं. गाडी कलंडते आणि माणूस खाली सापडतो. अशा अपघातांत डोक्याच्या आणि छातीच्या जखमांनी माणसं जातातच, पण कित्येक जण वजनाखाली दबून श्वास कोंडल्यानं जातात. घरापासून तीन-चार किलोमीटरवर, जिथं हाक ऐकायला कोणी नाही.

ऑस्ट्रेलियात क्वाड बाईकमुळं वर्षाला सरासरी १६ जणांचा जीव जात होता. त्यात शेतकरी होते, त्यांची लहान पोरंही होती. शेवटी तिथल्या सरकारनं २०१९ मध्ये नियम केला. ऑक्टोबर २०२० पासून गाडी किती अंशाला कलंडते ते विकतानाच लिहून द्यायचं. ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या प्रत्येक नव्या क्वाडवर माणूस चिरडू नये म्हणून संरक्षक दांडा किंवा तशी सोय हवी, आणि ठरावीक कोनापर्यंत गाडी कलंडता कामा नये.

यावर होंडा, यामाहासारख्या कंपन्यांनी काय केलं? ऑस्ट्रेलियात क्वाड विकणंच बंद केलं. दांड्यानं सुरक्षा वाढते हे सिद्ध झालेलं नाही, हेल्मेट आणि ट्रेनिंगवर भर द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. शेतकऱ्यांमध्येही दोन गट पडले. पण गाडी उलटल्यावर खालच्या माणसाला थोडी तरी जागा राहावी, एवढी साधी मागणी होती. मला तरी ती चुकीची वाटत नाही.

यूटीव्हीचा पिंजरा याच कामाचा असतो. मात्र त्याला एक अट आहे. सीट बेल्ट लावला असेल तरच तो पिंजरा वाचवतो. बेल्ट नसेल तर गाडी उलटताना माणूस बाहेर फेकला जातो आणि तोच पिंजरा अंगावर येतो. दर दोनशे मीटरवर फाटक उघडायला उतरावं लागतं, म्हणून लोक बेल्ट लावत नाहीत. त्यामुळं आता कित्येक मॉडेलमध्ये चालवणाऱ्यानं बेल्ट लावला नाही तर गाडी ठरावीक वेगाच्या वर पळतच नाही.

आता वजनाचं बघू, कारण रीलमध्ये हे कधीच कळत नाही.

क्वाडच्या कॅरिअरवर पुढं साधारण ४० आणि मागं ८०-९० किलोपर्यंत ठेवता येतं. म्हणजे खुराकाचं एक पोतं आणि कुंपणाच्या तारेचं भेंडोळं. मोठ्या यूटीव्हीच्या हौद्यात ४५० किलोपर्यंत माल बसतो आणि मागं टनभर वजनाचा ट्रेलर ओढता येतो. ऐकायला भारी वाटतं. पण तिकडं गवताचे जे मोठे गोल गठ्ठे असतात, त्यातला एक ४०० ते ६०० किलोचा भरतो. तो उचलायला शेवटी ट्रॅक्टरच लागतो. यूटीव्हीवर न्यायचे ते वीस-पंचवीस किलोचे चौकोनी गठ्ठे, मिठाच्या विटा, औषधाची पेटी आणि थंडीत माळावर जन्मलेलं वासरू.

पाण्याचा हिशोब तर अजून वेगळा. २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो, हे कोणीही सांगेल. पण टाकी अर्धी भरलेली असेल तर उतारावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीचा तोल सोबत नेतं. फवारणीची टाकी लावून आडव्या उतारावरनं गाडी घालू नका, असं कंपन्या सांगतात ते यामुळंच.

मग इंजिन आणि गिअर. बहुतेक पेट्रोल यूटीव्हींमध्ये स्कूटरसारखी बेल्टवर चालणारी यंत्रणा असते. ओझं घेऊन हळूहळू चढ चढताना लो गिअर टाकला नाही तर हा बेल्ट जळतो. कुबोटाच्या डिझेल आरटीव्हीत मात्र तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा आहे. पायडल सोडलं की गाडी आपोआप हळू होते, म्हणून उतारावर बरं पडतं. वेगाला ती कमी आहे, पण गुरांमध्ये तसाही कोण वेगात जातो? उलट गाडी जितकी शांत तितकं चांगलं. गायीला मान न वळवता जवळजवळ चारी बाजूंचं दिसतं, फक्त थेट पाठीमागचं दिसत नाही. आणि कर्कश आवाजाला ती बुजते. ठोक्यावर चालणारं डिझेल तिला सवयीचं होतं, किंचाळणारं इंजिन होत नाही. बॅटरीवरच्या यूटीव्ही आल्यात त्यांचं कौतुक यासाठीही होतं.

अजून एक गोष्ट सेल्समन सांगत नाही. वाळलेलं गवत गाडीच्या खाली, सायलेन्सरजवळ अडकून बसतं आणि पेट घेतं. शेण आणि चिखलानं रेडिएटरची जाळी बुजते, ते वेगळंच. पोलारिसला तर काही रेंजर आणि आरझेडआर मॉडेलमधल्या आगीच्या दोषाची माहिती वेळेत दिली नाही म्हणून २०१८ मध्ये अमेरिकेत २ कोटी ७२ लाख डॉलरहून जास्त दंड भरावा लागला. त्यामुळं तिकडं जुनी गाडी घेताना जाणकार माणूस आधी खाली वाकून बघतो आणि मग त्या मॉडेलचा रिकॉल निघाला होता का ते तपासतो.

किंमत? चांगली नवी यूटीव्ही अमेरिकेत १५ ते ३० हजार डॉलरला जाते. साधा गुणाकार केला तरी बारा लाखांच्या पुढं. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी एक जुगाड शोधलाय, जपानचे जुने केई ट्रक.

केई म्हणजे जपानमधला सगळ्यात छोट्या गाड्यांचा वर्ग. इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.४ मीटरपर्यंत आणि ट्रक असेल तर माल ३५० किलोपर्यंत. अमेरिकेत २५ वर्षं जुनी झालेली गाडी आयात करायला सूट आहे, त्यामुळं नव्वदच्या दशकातल्या सुझुकी कॅरी, दायहात्सू हायजेट आज तिथल्या शेतांवर फिरतायत. फोर व्हील ड्राइव्ह, बंद केबिन आणि किंमत नव्या यूटीव्हीच्या निम्म्याहून कमी. सुबारूच्या सांबारचं इंजिन मागं असतं म्हणून जपानी लोक तिला 'शेतरस्त्यावरची पोर्श' म्हणतात. आणि यातली कॅरी आपल्याला परकी नाही. आपली मारुती ओम्नी त्याच कॅरीच्या घराण्यातली. फक्त केई ट्रकचं जमिनीपासूनचं अंतर यूटीव्हीपेक्षा कमी असतं आणि सस्पेन्शन कडक असतं. खडकाळ माळावर तो हाडं खिळखिळी करतो.

या सगळ्यात आपल्या महिंद्रानं पण उडी मारली होती. २०१८ मध्ये कंपनीनं अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये 'रॉक्सर' आणली. बघितली तर आपली जुनी जीपच, २.५ लिटर डिझेल इंजिन, ६२ हॉर्सपॉवर, वेग ताशी ४५ मैलांवर बांधलेला. विकली मात्र शेतावरची साइड बाय साइड म्हणून, साधारण १५ हजार डॉलरला. लोखंडी बॉडी आणि हातानं टाकायचे गिअर बघून तिकडचे शेतकरी खूश. मग फियाट क्रायस्लरनं तक्रार केली, की ही आमच्या जीपची नक्कल आहे. महिंद्राचं म्हणणं, आम्ही १९४७ पासून विलिज जीप बनवतोय. २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला आणि गाडीचं तोंड बदलावं लागलं.

आता मामांकडं येऊ.

तिकडं गुरं शेकडो एकरांत मोकळी चरतात आणि माणसाला त्यांच्याकडं जावं लागतं. कुंपण बघायचं, गाभण गाय शोधायची, पाण्याचे हौद तपासायचे, म्हणून हलकी गाडी. मामांच्या गायी दावणीला असतात. त्यांना हवंय ते दीड किलोमीटरवरच्या रानातून ओढा ओलांडून नेपिअर आणि मका आणणं, शेणखत रानात टाकणं आणि दोन वेळचे दुधाचे कॅन डेअरीवर पोचवणं. त्यातला अर्धा रस्ता डांबरी आहे, आणि नुसती ऑफ-रोड म्हणून विकलेली यूटीव्ही रस्त्यावर चालवायला पासिंग मिळत नाही. याच अडचणीमुळं पोलारिसनं भारतात आपली एक क्वाड चक्क ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून विकायला काढली होती. तिची किंमत बघितली तर त्यात चांगला मिनी ट्रॅक्टर येतो.

म्हणून मामांना सांगितलं, मिनी ट्रॅक्टर आणि छोटी ट्रॉली बघा. पंधरा-वीस हॉर्सपॉवरचा बास झाला. त्यावर कुट्टी मशिनही चालेल, ते काम यूटीव्ही करणार नाही. फक्त सीटच्या मागची ती संरक्षक कमान आणि बेल्ट घ्या, आणि मडगार्डवर कोणाला बसवू नका. ओढ्याच्या उतारावर ट्रॅक्टरही क्वाडसारखाच पलटी होतो.

मामा म्हणाले, "कमान द्राक्षाच्या मांडवात आडवी येती म्हणून समदे काढूनच ठेवत्यात."

म्हटलं, "मामा, तुमच्याकडं द्राक्षं कुठायत? आणि दुमडायची कमान पण मिळते. मांडवात दुमडायची, बाहेर आलं की उभी करायची."

परवा ते शोरूमला जाऊन आले. ज्या मॉडेलवर त्यांचा डोळा आहे त्याला कमान वेगळी घ्यावी लागते आणि तिचे पैसे जादा. आता मामी म्हणतायत कमान घ्या, आणि मामा म्हणतायत त्या पैशात ट्रॉलीचे टायर नवे येतील.