‘पागार्’ची रूपे : स्पॅनिश आख्यात आणि मराठी अभ्यासक

मराठीतील ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे सर्वश्रुत आहे. मुळात मात्र तो नाम नव्हे. ‘फेडणे’, ‘देणे’ या आपल्या रूपांसारखे ते एका क्रियापदाचे मूळ रूप होय. स्पॅनिशमध्येही हेच रूप याच अर्थाने चालते. लॅटिनमध्ये त्याचा पूर्वज ‘शांत करणे’ या अर्थी होता. धनकोला शांत करावयाचे म्हणजे त्याचे पैसे चुकते करावयाचे, असा हा अर्थप्रवास आहे. स्पॅनिश क्रियापदांचे आर्, एर् आणि इर् असे तीन गण पडतात. त्यांपैकी पहिला सर्वांत मोठा असून नव्याने घडणारी क्रियापदे आज त्यातच जमा होतात. त्या गणाचा नमुना म्हणून ‘पागार्’ घेणे सोयीचे आहे.

आपल्याकडे स्पॅनिशचे अध्यापन बहुधा इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या आधारे होते. इंग्रजी क्रियापदास पुरुषवाचक प्रत्यय जवळजवळ उरलेले नाहीत. त्यामुळे त्या पुस्तकांत ज्या गोष्टी कठीण म्हणून विस्ताराने येतात त्यांतील काही मराठी विद्यार्थ्यास जन्मतः अवगत असतात, आणि जेथे तो खरोखर अडखळतो तेथे ती पुस्तके मौन धरतात. प्रस्तुत विवेचनाचा रोख या विसंगतीवर आहे.

वर्तमानकाळाची रूपे अशी : पागो (मी), पागास् (तू), पागा (तो, ती), पागामोस् (आम्ही, आपण), पागाइस् (तुम्ही), पागान् (ते, त्या). संस्कृत जाणणाऱ्यास ‘भरसि, भरामः, भरन्ति’ यांतील स्, म आणि न् येथे सहज ओळखू येतील. हे साम्य योगायोगाचे नसून समान वारशाचे आहे. प्रत्ययच कर्ता सांगत असल्यामुळे सर्वनाम एरवी गाळले जाते. मराठी विद्यार्थ्यास यात नवल वाटू नये. ‘उद्या येईन’ म्हणताना आपण तरी ‘मी’ कोठे उच्चारतो? परंतु ‘फेडतो’ आणि ‘फेडते’ हा भेद स्पॅनिशला ठाऊक नाही. आपले वर्तमानकाळी रूप कृदन्तापासून निघाले, म्हणून ते लिंग दाखविते. ‘पागो’ पुरुष म्हणो वा स्त्री, रूप एकच.

आदरार्थी संबोधनात मात्र मराठी सवय विद्यार्थ्यास फसविते. ‘उस्तेद्’ हे आदरवाचक सर्वनाम ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दसमूहापासून झिजून झाले. म्हणून त्याचे क्रियापद तृतीयपुरुषी असते, आणि व्यक्ती एक असेल तर एकवचनीच : ‘उस्तेद् पागा’. आदर म्हणजे अनेकवचन हे आपल्या अंगवळणी पडलेले असल्याने एखाद्या वृद्ध गृहस्थास उद्देशून विद्यार्थी हटकून ‘पागान्’ म्हणतो. अनेक व्यक्तींसाठी ‘उस्तेदेस् पागान्’ हे रूप आहे, आणि लॅटिन अमेरिकेत सलगीतही तेच वापरतात. ‘पागाइस्’ मुख्यतः स्पेनमध्येच ऐकू येते.

खरा विचार करावयाचा तो भूतकाळाचा. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. पहिला पूर्ण झालेल्या क्रियेचा : पागे, पागास्ते, पागो, पागामोस्, पागास्तेइस्, पागारोन्. देवनागरीत वर्तमानातील ‘पागो’ आणि हे ‘पागो’ सारखेच दिसतात, परंतु ‘मी फेडतो’ या अर्थी आघात पहिल्या अक्षरावर आणि ‘त्याने फेडले’ या अर्थी शेवटच्या अक्षरावर येतो. आघाताने अर्थ पालटण्याची सवय मराठीस नाही. हा भेद कानानेच शिकावा लागतो. तक्ता पाठ करून तो साधत नाही. (‘पागे’ लिहिताना स्पॅनिश लेखनात ‘ग’नंतर एक अनुच्चारित स्वर घालावा लागतो, तो केवळ ‘ग’चा उच्चार राखण्यासाठी. धातूचे नियमितपण त्याने बिघडत नाही.)

दुसरी अडचण प्रयोगाची. ‘मी कर्ज फेडले’, ‘मी थकबाकी फेडली’, ‘मी हप्ते फेडले’ : मराठीत क्रियापद कर्माच्या मागे जाते, कारण आपले ‘ल’-रूप संस्कृतातील कर्मणी भूतकृदन्तातून आले. स्पॅनिशमध्ये तिन्ही ठिकाणी ‘पागे’च. हप्ते अनेक आहेत म्हणून ‘पागारोन्’ लिहिण्याची चूक इंग्रजी पुस्तक कधीच सांगणार नाही, कारण इंग्रजी भाषकाकडून ती संभवतच नाही.

दुसरा भूतकाळ : पागाबा, पागाबास्, पागाबा, पागाबामोस्, पागाबाइस्, पागाबान्. येथे इंग्रजी माध्यमाने सर्वाधिक नुकसान होते. तेथे दोन्ही भूतकाळांस पुष्कळदा एकच रूप पुरते, म्हणून भेद समजाविण्यास पानेच्या पाने खर्ची पडतात. मराठीत रीतिभूतकाळ सिद्ध आहे : ‘तो दरमहा हप्ता फेडी’ म्हणजे ‘पागाबा’, ‘त्याने शेवटचा हप्ता फेडला’ म्हणजे ‘पागो’. रूपांची ठेवणही तुलनीय आहे : मी फेडी, तू फेडीस, तो फेडी. उत्तम व तृतीय पुरुषांचे एकवचन दोन्ही भाषांत एकरूप, आणि लिंगभेद दोहोंत नाही. म्हणूनच संदिग्धता टाळण्यासाठी ‘पागाबा’बरोबर सर्वनाम अधिक वेळा उच्चारावे लागते. बोलीतून हे ‘फेडी’ मागे पडले असून त्याची जागा ‘फेडत असे’, ‘फेडायचा’ यांनी घेतली आहे; तरी वाचणाऱ्या विद्यार्थ्यास ते परके नाही.

तथापि हे समीकरण सरसकट लावता येणार नाही. ‘पागाबा’ चालू असलेली क्रियाही दाखविते : ‘मी आत शिरलो तेव्हा तो पैसे देत होता’. उलट, ‘तो तीस वर्षे कर्ज फेडत होता’ या वाक्यात मराठी अपूर्णतेचे रूप घेते. पण कालावधीस आरंभ व शेवट असल्यामुळे स्पॅनिशमध्ये तेथे सामान्यतः ‘पागो’ येते. क्रिया किती काळ चालली यास महत्त्व नाही. बोलणारा तिच्याकडे बाहेरून, एक अखंड वस्तू म्हणून पाहतो की तिच्या आत उभा राहून, हे पाहावयाचे. माझ्या मते वर्गात सर्वाधिक वेळ याच वाक्यप्रकारास द्यावा.

भविष्यकाळाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. ‘पागारे’ म्हणजे ‘पागार्’ अधिक ‘आहे माझ्यापाशी’ या अर्थाचे साहाय्यक क्रियापद. ही फोड नेब्रिखाने १४९२च्या आपल्या कास्तिलियन व्याकरणातच ओळखली होती.

राहता राहिला विध्यर्थासारखा प्रकार : पागे, पागेस्, पागे, पागेमोस्, पागेइस्, पागेन्. प्रत्ययातील ‘आ’च्या जागी ‘ए’ येतो, एवढेच. इंग्रजीच्या वळणाने शिकणारा विद्यार्थी ‘त्याने फेडावे अशी माझी इच्छा आहे’ या अर्थी मूळ ‘पागार्’ योजतो आणि चुकतो. मराठी वाक्यातील ‘-आवे’कडे त्याचे लक्ष वेधले, तर ‘किएरो के पागे’ ही रचना त्यास अपरिचित वाटत नाही : इच्छा एकाची, कर्ता दुसरा, आणि क्रिया अजून घडलेली नाही.