रुळांवर वाढलेली नगरे

नगरे बहुधा पाण्याच्या आश्रयाने वाढतात. खाडीकाठची ठाणे व कल्याण ही नगरे या नियमास अपवाद नाहीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याण हे बंदर म्हणून दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. शिलाहार राजांच्या काळी ठाणे 'श्रीस्थानक' या नावाने प्रसिद्ध होते. त्या काळी माल गलबतांतून येई आणि माणसे पायी, बैलगाडीने किंवा होडीने प्रवास करीत. पुढे मात्र या नगरांचे भाग्य पाण्यावरून रुळांवर आले.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदर येथून १४ डब्यांची आगगाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन ठाण्यास निघाली. तिला तीन इंजिने जोडलेली होती. सुमारे ३४ किलोमीटरांचा हा प्रवास म्हणजे भारतातील प्रवासी आगगाडीचा आरंभ होय. पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, खाडीवर पूल बांधून व डोंगर पोखरून हा मार्ग कल्याणपर्यंत नेण्यात आला. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी आली आणि कालांतराने कल्याणपर्यंतच्या लोकलगाड्याही विजेवर धावू लागल्या. सकाळी मुंबईस कामाला जावे व संध्याकाळी घरी परतावे, हे आता सुकर झाले. भातशेतांनी वेढलेले डोंबिवली गाव पाहता पाहता मोठे शहर बनले.

वाढत्या नगरांना धुराने व गर्दीने ग्रासू नये, यासाठी आज जगभर विचार चालू आहे. त्या दृष्टीने पाहता आपली ही जुनी लोकल फार गुणाची ठरते. असे का, ते आपण पाहू.

पहिले कारण चाकांत आहे. गुळगुळीत लोखंडी रुळावरून लोखंडी चाक फिरते, तेव्हा घर्षण फार थोडे होते. डांबरी रस्त्यावर रबरी चाक दबते आणि त्यात बरीच शक्ती खर्ची पडते. म्हणून तेवढेच ओझे वाहून नेण्यास आगगाडीला कमी शक्ती पुरते.

दुसरे कारण साध्या गणिताने समजेल. १२ डब्यांच्या लोकलमध्ये सुमारे १,००० माणसे बसू शकतात आणि तिची लांबी अडीचशे मीटरांच्या आसपास असते. एका मोटारीत चौघे बसतात असे धरले, तर एवढ्या माणसांसाठी २५० मोटारी लागतील. प्रत्येक मोटारीला सहा मीटर जागा दिली, तर नुसती उभी रांगच दीड किलोमीटर लांब होईल! शिवाय बहुतेक मोटारींतून एखाददुसरेच माणूस जात असते. रस्ता कितीही रुंद केला, तरी तो का अपुरा पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

तिसरे कारण विजेचे. विजेची गाडी वाटेत धूर सोडीत नाही. परंतु ती वीज पुष्कळ अंशी कोळसा जाळूनच निर्माण होते. धूर येथे दिसत नाही, तो दूर विद्युतकेंद्राच्या धुराड्यातून निघतो. म्हणून वीजही जपूनच वापरली पाहिजे. स्थानके जवळजवळ असल्यामुळे लोकलला वारंवार थांबावे लागते. थांबताना पूर्वी तिची गतिशक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जात असे. आजच्या गाड्यांत त्या वेळी मोटर जनित्राचे काम करते आणि त्या शक्तीचा काही भाग वीज होऊन तारेत परत जातो.

इतके गुण असूनही या गाडीची एक उणीव फार दुःखद आहे. नगरे जितक्या वेगाने वाढली, तितक्या वेगाने रूळ व गाड्या वाढल्या नाहीत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडले व काहींना प्राण गमवावे लागले. ठाणे ते दिवा या टप्प्यातील पाचवा व सहावा मार्ग २०२२ मध्ये सुरू झाला आणि मेट्रोची कामेही हाती घेण्यात आली आहेत. ही कामे म्हणजे केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. रोज घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

आणखी एक अंतर उरते, ते घरापासून स्थानकापर्यंतचे. ते दोन किलोमीटरांचेच असले, तरी प्रत्येकाने त्यासाठी स्वतंत्र गाडी काढली, तर स्थानकाबाहेरचा रस्ता तुंबतो आणि लोकलने वाचविलेला धूर दारातच साठतो. हे अंतर पायी, सायकलने, बसने किंवा तिघांनी मिळून शेअर रिक्षाने सहज तोडता येते. मात्र त्यासाठी पदपथ मोकळे हवेत, झाडांची सावली हवी आणि बस वेळेवर यावयास हवी. ही कामे महानगरपालिकेची खरी, पण पदपथावर आपली गाडी उभी न करणे हे काम नागरिकांचे आहे.

पहिल्या आगगाडीचे स्वागत ज्या नगराने केले, त्याच्या आसमंतात आज लाखो माणसे राहतात. एका गाडीत अनेकांनी मिळून जाणे, ही त्यांची जुनी सवय आहे. ती सुखाची व सुरक्षित करता आली, तर ही नगरे कितीही वाढोत, त्यांत मोकळा श्वास घेण्यास जागा उरेल.