वाट पाहण्याचे चार रविवार

दिवाळी सरली की वसईच्या बाजारात आकाशकंदील उतरतात आणि त्याच दोऱ्यांवर नाताळचे तारे चढतात. कागद तोच, आतला दिवा तोच, पुष्कळदा विकणाराही तोच. त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं, नाताळ सुरू झाला. चर्चमध्ये मात्र तेव्हा नाताळ अजून लांब असतो. तिथे सुरू असतो 'आगमनकाळ', म्हणजे अ‍ॅडव्हेंट. लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून हे नाव आलं, त्याचाही अर्थ आगमन असाच आहे.

नाताळआधीचे चार रविवार या काळात येतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कुठेही पडतो, म्हणून हा काळ कधी बावीस दिवसांचा असतो, तर कधी अठ्ठावीस. २०२३ साली तर चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला. सकाळी आगमनकाळाची शेवटची मिस्सा आणि रात्री नाताळची! फादरांचा झगा या दिवसांत जांभळा असतो, फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी चालतो. एरवी रविवारच्या मिस्सेत गायलं जाणारं ग्लोरिया गायलं जात नाही. ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं.

मुळात हा उपवासाचा काळ होता. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर या गावी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास धरत. केरळातले सुरियानी ख्रिस्ती आजही डिसेंबरात पंचवीस दिवसांचं व्रत पाळतात. आपल्याकडे त्यातला उपास बराचसा गेला आणि उरली वाट पाहणं.

'वाट पाहणं' हा मराठीतला प्रयोग मला या काळासाठी फार नेमका वाटतो. 'प्रतीक्षा' म्हटलं की माणूस नुसता बसून राहिलेला दिसतो. वाट पाहणाऱ्याची नजर मात्र रस्त्याला लागलेली असते. योगायोग असा, की आगमनकाळात वाचले जाणारे यशया संदेष्ट्याचे उतारे आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची हाक, दोन्ही वाटेविषयीच आहेत. रानातून येणाऱ्यासाठी वाट नीट करा, खाचखळगे बुजवा, असं ते सांगतात. वाट पाहायची, तर आधी ती वाट झाडायला हवी.

मग या सगळ्यात विसावा कुठे? डिसेंबरात तर गोव्याच्या घराघरांत दोदोल ढवळून हात भरून येतात, नेवऱ्यांचे डबे भरायचे असतात, भिंतींना रंग द्यायचा असतो. चर्चमध्ये गायनमंडळाच्या तालमी चालू असतात. शांतीचा सण तयार करताना बायकांच्या वाट्याला शांती किती येते, हा प्रश्न चर्चच्या पायरीवर विचारायला हरकत नाही.

कॅथलिक पंचांगात याचं एक उत्तर दडलेलं आहे, पण ते रविवारी सापडत नाही. ते आहे दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी. त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानातला तीनच वचनांचा एक उतारा वाचतात. कष्टाने आणि ओझ्याने वाकलेल्यांना येशू आपल्याकडे बोलावतो, असा तो प्रसंग. मराठी बायबलमध्ये तिथे शब्द येतो 'विसावा'. आणि विसाव्याच्या लगेच पुढे, वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकणारा दुसरा शब्द येतो : 'जू'. विसावा द्यायला बोलावलं आणि मानेवर जू ठेवलं! केळीच्या बागा आणि भाजीचे वाफे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वसईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. जू एका बैलासाठी नसतं. ओझं तेवढंच राहतं, पण शेजारी दुसरी मान असते. त्या हाकेत काम सुटणार असं कुठेच म्हटलेलं नाही, एकटेपण सुटेल एवढंच आहे. मला तरी ही सुट्टीपेक्षा खरी विश्रांती वाटते.

वाट पाहणं मुलांना सर्वांत जड जातं. हँबुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न नावाच्या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये गरीब, रस्त्यावर आलेल्या मुलांसाठी एक आश्रम काढला. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? अखेर १८३९ मध्ये त्याने गाडीचं एक जुनं चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. वीस लहान लाल मेणबत्त्या साध्या दिवसांसाठी आणि चार मोठ्या पांढऱ्या रविवारांसाठी. रोज एक पेटवायची. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरलाच आला होता, म्हणून हिशेब बरोबर चोवीसचा. पुढे घराघरांत चाकाच्या जागी हिरव्या डहाळ्यांचं कडं आलं, चारच मेणबत्त्या राहिल्या, आणि विसाव्या शतकात कॅथलिक चर्चनेही ती प्रथा उचलली. आज वसईत वेदीशेजारी जे हिरवं कडं दिसतं, त्याचं मूळ त्या आश्रमातल्या मुलांच्या अधीरपणात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या रविवारची मेणबत्ती अनेक ठिकाणी शांतीची मानतात.

पण शांती म्हणजे सुखवस्तू घरातली मेणबत्ती, असं कुणाला वाटत असेल, तर त्याने बर्लिनच्या टेगेल तुरुंगाकडे पाहावं. हिटलरला विरोध करणारा धर्मपंडित डीट्रिख बॉनहॉफर तिथे कैदेत होता. नोव्हेंबर १९४३ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आगमनकाळाची तुलना कोठडीशी केली. आत माणूस आशा करतो, काहीबाही करत राहतो, पण दार उघडायचं ते बाहेरूनच. पुढच्याच वर्षी त्याच तुरुंगात आल्फ्रेड डेल्प हा जेझुइट धर्मगुरू बेड्या घातलेल्या हातांनी आगमनकाळावर चिंतनं लिहीत होता. ते कागद धुण्याच्या कपड्यांतून चोरून बाहेर गेले. डेल्पला २ फेब्रुवारी १९४५ रोजी फाशी झाली, बॉनहॉफरला ९ एप्रिलला. दोघांसाठीही कोठडीचं दार त्यांना हवं तसं उघडलं नाही. तरी त्यांच्या लिखाणात कडवटपणा फार थोडा आहे, आणि ते मी दर डिसेंबरात काढून वाचतो, ते त्यासाठीच.

वसईत नाताळचा गोठा आधीच मांडतात. पेंढा पसरतात, मेंढ्या ठेवतात, मारिया आणि योसेफ आपापल्या जागी गुडघे टेकून असतात. मधली गव्हाण मात्र रिकामी. लहान मुलं वाकून तिच्यात डोकावतात आणि आईकडे वळून पाहतात. बाळाची मूर्ती चर्चच्या कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. ती २४ तारखेच्या रात्री निघते.