अद्भुत महाकादंबरी आणि लेखकाचा स्वतःचा खर्च

स्वतंत्र भूगोल, राजवंश, देवता आणि युद्धे असलेले एक कल्पित जग विस्ताराने, बहुधा अनेक खंडांत, उभे करणाऱ्या कादंबरीला अद्भुत महाकादंबरी म्हणता येईल. टॉल्किन यांच्या १९५४-५५ मधील ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मुळे हा प्रकार पाश्चात्त्य मानला जात असला, तरी मराठी कादंबरीचा आरंभकाळच मोठ्या प्रमाणात अद्भुताचा होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली, ‘रत्नप्रभा’ १८६६ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली निघाली. हिंदूंच्या विवाहविषयक चालीरीतींमुळे नित्याच्या जीवनात रंजक कथानक सापडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते, असे रिसबुडांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे नमूद केले आहे. पुढच्या समीक्षेने ज्याला पलायन ठरवले, तो त्यांच्या लेखी अडचणीतून काढलेला मार्ग होता. १८८५ मध्ये हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ आली आणि प्रतिष्ठा वास्तववादाकडे गेली. वाचकांची आवड मात्र तितक्या सहजासहजी बदलली नाही, हे नंतर आलेल्या नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ या अद्भुत कादंबरीवरून दिसते.

लेखकानेच प्रकाशक होणे हेही नवे नाही. ‘चंद्रकांता’कार देवकीनंदन खत्री यांनी १८९८ मध्ये काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला, तर अमीश त्रिपाठी यांची इंग्रजीतील ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ अनेक प्रकाशकांच्या नकारानंतर २०१० साली स्वतःच्या बळावर बाजारात आली.

कल्याणहून कर्जतकडे जाताना लागणाऱ्या विठ्ठलवाडीसारख्या उपनगरात बसून असा ग्रंथ लिहिणाऱ्यासमोर पहिला व्यावहारिक प्रश्न जाडीचा असतो. छपाईचा हिशेब फर्म्यांत, म्हणजे एकाच वेळी छापून घडी घातल्या जाणाऱ्या, सामान्यतः सोळा पानांच्या गटांत होतो. चारशे पानांचे पुस्तक पंचवीस फर्म्यांचे होते आणि ऑफसेट छपाईत प्रत्येक फर्म्याच्या प्लेटचा खर्च प्रती शंभर काढल्या काय किंवा हजार काढल्या काय, तेवढाच येत असल्यामुळे अल्प प्रतींसाठी डिजिटल छपाई सोयीची ठरते, मात्र तिथे प्रती वाढवल्या तरी दर फारसा उतरत नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी करून आगाऊ रक्कम जमवण्याची जुनी रीत म्हणूनच अजून टिकून आहे.

याहून नाजूक काम मुद्रितशोधनाचे, म्हणजे छपाईपूर्वी चुका काढण्याचे. कल्पित नावे कोणत्याही कोशात नसतात. लेखकाने ‘अरुणगिरी’ हे राज्य निर्माण केले, तर शुद्धलेखनाच्या नियमानुसार सुट्या नावात शेवटची वेलांटी दीर्घ आणि ‘अरुणगिरिदुर्ग’ या समासात ती ऱ्हस्व होते. अशा शेकडो नावांची स्वतंत्र यादी आधीच केली नाही, तर तिसऱ्या खंडात त्याच राज्याची दोन राज्ये होतात. अद्भुत कथेत वाचक चमत्कार खुशाल मान्य करतो. विसंगती मात्र त्याला खपत नाही.

पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथ क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. खरी कसोटी वितरणाची. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे ‘मुक्तामाला’ आणि ‘रत्नप्रभा’ यांच्या मधल्या काळातले, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. जाड, महाग कादंबरी विकत न घेणारा वाचक अशाच ठिकाणी ती घरी नेतो. त्यामुळे ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीत पुस्तकाची निवड होणे लहान प्रकाशकाला जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन नियुक्त ग्रंथालये यांना प्रकाशनानंतर तीस दिवसांत प्रत्येकी एक प्रत पाठवणेही बंधनकारक आहे आणि तिचा खर्च कायद्याने प्रकाशकावर, म्हणजे येथे पुन्हा लेखकावरच, टाकला आहे.