गळाची काठी कशी निवडावी?

अमेरिकेंतील पोटोमॅक नदींत लहान तोंडाचा बास मासा मूळचा नव्हे. १८५४ सालीं आगगाडीच्या इंजिनामागील पाण्याच्या टाकींतून आणून तो तेथें सोडण्यांत आला. वजनानें तो बहुधा दोन-तीन पौंडांच्या आंतच. परंतु प्रवाहाचें बळ घेऊन झुंजतो आणि उसळी मारून गळ झटकून टाकतो. म्हणून नवशिका दुकानांत जाड, ताठ काठी मागतो व तेथेंच फसतो. नदींतील आमिष हलकें असतें. तें दूर फेंकावयाचें तर त्याच्या भारानें काठी वांकली पाहिजे. शिवाय माशाचा हिसका काठीनें सोसला नाहीं, तर बारीक दोरा तुटतो.

साडेसहा ते सात फुटांची, मध्यम ताकदीची, चपळ टोंकाची काठी पुरते. तिच्या बुंध्याशीं मर्यादा छापलेल्या असतात: आमिष १/८ ते १/२ औंस आणि दोरा ६ ते १० पौंड अशा असाव्यात. कार्बनतंतूची काठी हलकी. आमिष खडकाला घासलें कीं माशानें धरलें, हें ती हाताला कळविते. काचतंतूची जड, पण आदळआपट सोसणारी. दोहोंच्या मिश्रणाची काठी स्वस्तांत मिळते व नवशिक्यास तीच बरी.

काटकसर करावी ती नक्षींत आणि नांवांत. दोऱ्याच्या कड्यांत नव्हे. प्रत्येक कडींतून कापसाचा बोळा फिरवावा. तंतु अडकला तर तेथें चीर आहे, आणि ऐन झुंजींत तीच दोरा कापील. शेवटीं रीळ चढवून काठी बोटावर तोलावी. टोंकाकडे फार झुकणारी काठी दिवसभरांत मनगट थकविते.